गुणगुण कुठून येते, ते आधी शोधू या

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातून लिहिणाऱ्या या वाचक ४९ वर्षांच्या असून शिक्षिका आहेत आणि गेली अकरा वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहेत. त्या पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी षड्ज मानून गातात. दिवसभर घरात वर्दळ असल्यामुळे गुरूंच्या तालमीच्या ध्वनिफिती आणि जुन्या मैफली त्या रात्री साडेदहानंतर हेडफोनवर ऐकतात. परदेशी असलेल्या मुलाने तीन वर्षांपूर्वी त्यांना बायरडायनामिकचा ‘डीटी ७७० प्रो’ हा २५० ओहमचा (ओहम हे विद्युत रोधाचे माप) हेडफोन भेट दिला. त्यांच्या नव्या अँड्रॉइड फोनला हेडफोनचा जॅक नाही. लॅपटॉपला आहे, पण चार्जर लावला की त्यातून बारीक गुणगुण येते, माउस हलवला की करकर ऐकू येते आणि आवाजही कमी पडतो. “वीस हजारांचा डॅक घेतल्याशिवाय हा हेडफोन वाया आहे,” असे भाच्याचे म्हणणे आहे. (डॅक म्हणजे डिजिटल आवाजाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र.) वाचकांची तयारी जास्तीत जास्त दहा हजारांची आहे. त्या विचारतात : स्वस्तातला डॅक घेतला तर कानांची फसवणूक होईल का? आणि इतकी वर्षे मी अर्धेच संगीत ऐकत होते का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. नाही, तुम्ही अर्धे संगीत ऐकत नव्हता. ज्या कानांनी अकरा वर्षे गुरूंच्या गळ्यातला कोमल ऋषभ नेमका टिपला, ते कान लॅपटॉपच्या साध्या जॅकवरही तेच काम करत होते. यंत्राबद्दलच्या बोलण्यात आकडे फार असतात आणि ते आकडे आपल्याला कळत नाहीत म्हणून आपले ऐकणेच कमी प्रतीचे असावे, अशी शंका मनात शिरते. ती शंका तुम्ही बाजूला ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढची सगळी तपासणी तुम्हाला याच कानांवर विश्वास ठेवून करायची आहे.

डॅक हे काही वेगळे, दुर्मीळ यंत्र नाही. आकड्यांच्या रूपात साठवलेल्या आवाजाचे हेडफोनला कळेल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारा तो एक भाग असतो आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये तो आजही आहे. १९८२ साली जपानमध्ये सीडी बाजारात आली, तेव्हा एका सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे प्रमाण ठरलेले होते. त्यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर साठवता येते. पन्नाशीच्या आसपास बहुतेकांना १५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही, आणि तुम्ही ज्या जुन्या मैफली ऐकता त्या ज्या टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या, त्या चांगल्या टेपचीही मजल साधारण ६० ते ७० डेसिबलची. म्हणजे सीडीचे हे भांडे तुमच्या संगीतासाठी मुळातच मोठे आहे, आणि ते न सांडता ओतण्याचे काम आज हजार-दोन हजारांच्या डॉंगलमधली (फोनला किंवा लॅपटॉपला बाहेरून लावायच्या छोट्या डॅकमधली) चिपही कानाच्या मर्यादेपलीकडच्या स्वच्छतेने करते.

तुमच्या भाच्याचा हेतू चांगला आहे आणि त्याच्या सल्ल्यात तथ्यही आहे, पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. डॅक आवाज तयार करतो. हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर मात्र त्याच्या पुढचा ॲम्प्लिफायर देतो. बाजारात मिळणाऱ्या डॉंगलमध्ये हे दोन्ही भाग एकाच कवचात असतात, त्यामुळे लोक सगळ्याला मिळून डॅक म्हणतात. २५० ओहमच्या हेडफोनला अधिक व्होल्टेज लागते, हे भाच्याच्या सल्ल्यातले तथ्य आहे. त्यासाठी वीस हजारांचा डॅक लागतो, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

मग महाग डॅकमधून ‘जास्त बारकावे’ ऐकू येतात, असे इतके जण का सांगतात? ते खोटे बोलतात असे मी मानत नाही. मिरजेच्या कारागिराने जवारीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवला तरी तानपुरा वेगळा बोलू लागतो, हे तुम्हाला सांगायला नको, आणि तो फरक डोळे मिटूनही ओळखता येतो. दोन धड बनवलेल्या डॅकमधला फरक त्या जातीचा नसतो. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्ये उच्च दर्जाच्या डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या मार्गात सीडीच्या प्रमाणाचा अडसर घालून तो ओळखता येतो का, हे ५५४ वेळा तपासले. उत्तरे २७६ वेळा बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. तेव्हा फरक मुळीच नसतो असा हट्ट मी धरणार नाही. पण शंभरातल्या दोन-तीन उत्तरांनी बदलणाऱ्या गोष्टीसाठी घरखर्चातून वीस हजार काढावेत, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

फसवणूक बहुधा आवाजाच्या पातळीतून होते. काही वर्षांपूर्वी एक महागडा डॅक मी घरी आणला होता आणि पहिला आठवडा मला आलापीतला श्वाससुद्धा नव्याने ऐकू येत होता. नंतर मल्टिमीटर लावून दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज मोजले, तेव्हा नवे यंत्र दीड डेसिबलने मोठे वाजत असल्याचे दिसले. एवढी वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘स्वच्छ आवाज’ म्हणून जाणवते. पातळी समान केल्यावर, पाठमोरे बसून ऐकताना, मला दोन्हींतला फरक सांगता आला नाही. यंत्र परत गेले, पण ही गोष्ट माझ्याजवळ राहिली आणि तेव्हापासून पातळी न जुळवता केलेल्या कोणत्याही तुलनेवर मी विसंबत नाही.

आता तुमच्या दोन तक्रारींकडे येतो, कारण त्या पूर्णपणे खऱ्या आहेत.

गुणगुण ही किरकोळ गोष्ट नाही, तुमच्यासाठी तर नाहीच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि तिच्यामुळे येणारी गुणगुण ५० च्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झवरही उमटते. पांढरी पाचचा षड्ज १९६ हर्ट्झचा आहे. १९६ आणि २०० शेजारी वाजले की सेकंदाला चार हेलकावे पडतात, अगदी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा नीट जुळलेल्या नसताना पडतात तसेच. रात्रीच्या शांततेत तुम्ही मंद आलाप ऐकत असताना हा बेसूर षड्ज सतत सोबतीला असेल, तर ऐकून थकवा येणे स्वाभाविक आहे आणि त्याचा उपाय व्हायलाच हवा.

तो उपाय विकत घेण्यापूर्वी अर्धा तास काढून गुणगुण कुठून येते ते पाहा. प्रथम चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली आणि करकर उरली, तर गुणगुणीचे मूळ विजेच्या जोडणीत आहे आणि करकरीचे लॅपटॉपच्या आतल्या भागांत, जिथे हेडफोनचा जॅक बाकीच्या धावपळीच्या अगदी शेजारी बसवलेला असतो. मग काहीही न वाजवता, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून, नुसतेच ऐका. या शांततेतही खरखर असेल तर ती यंत्राची. ध्वनिफीत सुरू झाल्यावरच येत असेल तर ती मूळ टेपची किंवा तबकडीची आहे आणि ती जगातला कोणताही डॅक काढू शकणार नाही. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून हलके बोट फिरवल्यावर झिणझिण्या जाणवत असतील, तर चार्जरचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत बसवलेला आहे का, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. हा खर्च डॅकच्या खर्चापेक्षा कमी आहे आणि घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तो संगीत नसते तरी करावाच लागला असता.

माउसबरोबर येणारी करकर मात्र लॅपटॉपच्या आतलीच दिसते, आणि बाहेरचा डॅक घेण्याचे हे अगदी रास्त कारण आहे. यूएसबीतून आकडे बाहेर पडतात आणि त्यांचे आवाजात रूपांतर त्या गर्दीपासून दूर होते, त्यामुळे असा त्रास बहुतेक वेळा जातो. फोनला जॅक नाही, हे दुसरे कारण. तेव्हा तुम्हाला डॅक हवा आहे, यावर तुमच्या भाच्याचे आणि माझे एकमत आहे. मतभेद आहे तो किमतीबद्दल.

आवाज कमी पडण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा समजला की जाहिरातीतल्या निम्म्या विशेषणांची गरज राहत नाही. तुमच्या हेडफोनला १ मिलिवॉट शक्ती दिली की तो ९६ डेसिबलचा आवाज देतो, असे कंपनी सांगते. २५० ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॉट, त्यातून आवाजाची कमाल पातळी सुमारे १०२ डेसिबल होते. २ व्होल्ट म्हणजे १६ मिलिवॉट, आणि कमाल पातळी सुमारे १०८ डेसिबल. आजच्या चित्रपटगीतासाठी १ व्होल्टही पुष्कळ झाला. पण शास्त्रीय मैफलीचे मुद्रण हळू पातळीवर केलेले असते, विलंबित आलाप तर कमाल पातळीच्या वीस-तीस डेसिबल खाली चाललेला असतो, म्हणून तुमच्यासाठी २ व्होल्टची सोय असलेली बरी. त्यापलीकडचे व्होल्टेज तुम्ही कधी वापरणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा : हेडफोनच्या नेहमीच्या ३.५ मिलिमीटर जॅकवर २ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक देणारा, टाइप-सी जोडणीचा लहान डॉंगल घ्या. फिओ या चिनी कंपनीचा ‘केए११’ आणि इतर कंपन्यांचे त्याच वर्गातले डॉंगल दोन ते चार हजारांच्या दरम्यान मिळतात. माहितीपत्रकात व्होल्टेज दिलेले नसेल, तर ३२ ओहमवर किती मिलिवॉट मिळतात ते पाहा. १२५ किंवा अधिक असतील तर २ व्होल्टची अट पूर्ण होते. ॲपलचा टाइप-सीचा छोटा अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतो आणि त्याची स्वच्छता त्याच्या किमतीच्या मानाने आश्चर्य वाटावे इतकी चांगली आहे, तरीही तुम्हाला तो सुचवत नाही, कारण त्याची झेप १ व्होल्टची आहे आणि अनेक अँड्रॉइड फोनवर तो त्याहूनही बराच हळू वाजतो. कमी ओहमचे हेडफोन किंवा इयरफोन असलेल्या आणि लॅपटॉपवर ऐकणाऱ्या वाचकांनी मात्र त्याचा विचार जरूर करावा. दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या अनामिक अडॅप्टरपासून दूर राहा. त्यांतल्या काहींमध्ये डॅक नसतोच, नुसत्या तारा असतात, आणि ज्या फोनच्या टाइप-सी छिद्रातून आवाजाचा संकेत बाहेर पडत नाही त्या फोनवर ते मुके राहतात.

काही गोष्टींसाठी पैसे देऊ नका. ‘बॅलन्स्ड’ आउटपुट, म्हणजे दोन्ही कानांसाठी वेगवेगळ्या तारांची जोडणी, तुमच्या उपयोगाचे नाही, कारण तुमच्या हेडफोनची केबल कायमची जोडलेली आहे आणि ती बदलल्याशिवाय त्या छिद्रात काही लावताच येत नाही. ७६८ किलोहर्ट्झसारखे (सेकंदाला ७,६८,००० नमुने) आकडे तुमच्या ध्वनिफितींमध्ये नाहीत. चिप कोणत्या कंपनीची, यावरून आवाज ‘उबदार’ की ‘थंड’ हे ठरवणाऱ्यांचेही फार मनावर घेऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका येथील एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली, पुरवठा थांबला आणि अनेक उत्पादकांना आपल्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीची चिप बसवून त्यांची नवी आवृत्ती काढावी लागली. यंत्राचा आवाज चिपच्या नावापेक्षा तिच्याभोवतीची रचना किती नीट केली आहे यावर अवलंबून असतो.

उरलेल्या सहा ते आठ हजारांपैकी थोडे पैसे हेडफोनवरच खर्च करा. तीन वर्षे रोज वापरलेल्या गाद्या दबतात, कानाभोवतीची बंदिस्त पोकळी सैल होते आणि खर्ज पातळ होतो. या हेडफोनच्या मखमली गाद्या सुट्या मिळतात आणि घरी बदलता येतात. चष्मा लावून ऐकत असाल तर ऐकताना तो काढून पाहा, कारण जाड काडीमुळे गादी आणि कानशील यांत फट पडते. शिवाय या हेडफोनचा स्वभावच असा आहे की ८,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग तो पुढे करून दाखवतो, त्यामुळे शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ टोचतात व तानपुऱ्याची झणझण असते त्यापेक्षा तीक्ष्ण वाटते. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवून त्या भागात तीन-चार डेसिबल कमी करा. एवढ्याने जो फरक पडेल, तो कोणत्याही दोन डॅकमधल्या फरकापेक्षा मोठा असेल, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि तालमीच्या ध्वनिफितींबद्दल. त्या तुम्हाला व्हॉट्सॲपवरून मिळत असाव्यात असा माझा कयास आहे, आणि तसे असेल तर सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते आहे. व्हॉइस मेसेज म्हणून मुद्रित केलेला आवाज बोलणे समजावे एवढ्यापुरता दाबलेला असतो. तानपुऱ्याच्या वरच्या स्वरछटा त्यात उरत नाहीत आणि गुरूंच्या आवाजातली आसही कोरडी होते. गुरूंची परवानगी घेऊन फोन त्यांच्यापासून दोन-तीन हात अंतरावर, पेटीच्या भात्यापासून दूर ठेवा, फोनच्या रेकॉर्डरमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडा आणि ती फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती आहे तशी पोहोचते. याला एक रुपयाही लागत नाही. जुन्या तबकड्यांचे मात्र आपण काही करू शकत नाही. १९२५ पूर्वीची मुद्रणे गायकाने भोंग्यात गाऊन केलेली आहेत. तीन मिनिटांच्या त्या गाण्यांत जे उरले आहे ते साध्या यंत्रावरही पूर्ण ऐकू येते.

ज्यांचे प्रश्न तुमच्यासारखे आहेत पण साधने वेगळी आहेत, त्यांच्यासाठी थोडे. ब्लूटूथ हेडफोन बिनतारी वापरणाऱ्यांना बाहेरच्या डॅकचा काहीच उपयोग नाही, कारण त्यांचा डॅक हेडफोनच्या आतच असतो. ३०-४० ओहमचा हेडफोन, जॅक असलेला फोन, शांत पार्श्वभूमी आणि पुरेसा आवाज, एवढे जमून आले असेल तर काहीही विकत घेऊ नये. १६ ओहमच्या आसपासचे नाजूक इयरफोन वापरणाऱ्यांनी ताकदीऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात : पार्श्वभूमीची खरखर आणि यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स (यंत्राचा स्वतःचा विद्युत रोध), जो इयरफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी, म्हणजे इथे २ ओहमच्या आत असावा, तो जास्त असला तर काही इयरफोनचा मूळ स्वरसमतोलच बदलतो.

नव्या डॉंगलबरोबर एक काळजी घ्या. आजवर कमी आवाजाची सवय झाल्यामुळे बटण वरच्या टोकाला न्यायचा हात झाला असेल, आणि २ व्होल्टवर ते धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. जोडण्यापूर्वी आवाज शून्यावर आणा आणि षड्ज स्पष्ट ऐकू येईल तिथेच थांबा.

खरेदी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन आणि परत करण्याची मुदत पाहून करा. पहिल्या दोन रात्री तुमच्या पूर्ण ओळखीची एकच आलापी आळीपाळीने लॅपटॉपच्या जॅकवर आणि डॉंगलवर ऐका. भाच्याला या कामात सामील करून घ्या. त्याने एक साधा १०० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे करावे, मग तुम्ही पाठमोऱ्या बसा आणि त्याने न सांगता दहा वेळा अदलाबदल करावी. दहापैकी नऊ वेळा तुम्ही बरोबर ओळखले, तर ते केवळ अंदाजाने घडण्याची शक्यता शंभरात एक आहे, म्हणजे फरक खरा आहे. लॅपटॉपच्या करकरीमुळे तुम्ही तो ओळखालही. त्यानंतर वीस हजारांचा डॅक कुणाकडून दोन दिवसांसाठी मागून आणता आला, तर हीच परीक्षा त्या डॅकमध्ये आणि तुमच्या डॉंगलमध्ये घ्या. डॉंगल लावूनही चार्जरबरोबर गुणगुण येत राहिली, तर मुदतीच्या आत तो परत करा, आणि दुसरा मागवण्याआधी वायरमनला बोलवा.